भाकरीला नको म्हणणारा प्राध्यापक

"...म्हणून विचारतो, बुवा, ज्याच्यावर प्रेम आहे त्याच्या शब्दाचा मान राखणं, हीच प्रेमाची नीती की नाही?"

धुंडिबुवा चुलीत फुंकर घालत होते. धुरातूनच म्हणाले, "तुम्हीच सांगा. पुस्तकं तुमची जाड."

आता हेरंब टिळेकर म्हणजे काही साधी असामी नव्हे. उभी हयात विद्यापीठात प्रेम आणि नीती शिकवण्यात गेली. ग्रंथांत प्रेमाची अशी काही फोड केली होती की वाचणाऱ्याला लग्नाची धास्ती वाटावी. निवृत्तीनंतर शेवटचा ग्रंथ लिहायला घेतला अन् अखेरच्या प्रकरणात गाडं अडलं. म्हणून पहाटेच्या एसटीनं निघून, टेकडी चढून, भर दुपारी बुवांच्या मठात. पोटात सकाळचा चहा तेवढा.

"अडलंय कुठं?"

"मुलगी आहे. मैत्रेयी. तिचं लग्न ठरलं तेव्हा मी तिच्या प्रेमाचं परीक्षण केलं. मुद्देसूद."

"अरारारा!"

"ती म्हणाली, बाबा, पुन्हा माझ्या दारात येऊ नका. मी गेलो नाही. आता तिला मूल झालंय म्हणे. तरी नाही गेलो. तिचा शब्द मोडला नाही... हे प्रेमच ना, बुवा?"

बुवांनी ताट मांडलं. पिठलं, कांदा, एक भाकरी.

प्रेमाच्या पंडितांनी ती बघता बघता संपवली.

"आणखी वाढू?"

"छे छे, नको. पुरे." टिळेकरांनी शिरस्त्याप्रमाणे ताटावर हात आडवा धरला. बोटं मात्र चांगली फाकलेली.

"बरं," म्हणत बुवांनी टोपलं उचललं, अन् उरलेल्या भाकऱ्या अंगणातल्या गायीपुढं ठेवल्या.

टिळेकर बघतच राहिले. हात अजून ताटावर आडवाच.

"बुवा... दुसऱ्यांदा विचारायची रीत असते!"

"तुम्ही नको म्हणालात."

"अहो, पाहुणा पहिल्यांदा नकोच म्हणतो! आग्रहाची वाट बघत असतो तो. एवढं साधं..."

वाक्य तिथंच राहिलं.

अंगणात गाय सावकाश चघळत होती.

टिळेकरांनी हात हळूच मागं घेतला. आपल्याच फाकलेल्या बोटांकडे बघत बसले.

"आणि तिनं दार नाहीच उघडलं तर?"

बुवा उठले. उंबऱ्याबाहेरच्या टिळेकरांच्या चपला उचलल्या, एसटीच्या रस्त्याकडं तोंड करून नीट मांडल्या, अन् पुन्हा चुलीपाशी येऊन बसले.

"मग... जाऊ म्हणता, बुवा?"

"नको," बुवा म्हणाले.