वानरांचे मौन

पूर्वी एका अरण्यात कृष्णमुख शाखाधर उंबरवासी नावाचा एकोणीस वर्षांचा वृद्ध वानर आपल्या टोळीसह राहत असे. वाघ दिसताच तो उंबरावरून ओरडे आणि खाली चरणारी हरिणे पळून जात. म्हणून वाघाने आज्ञा काढली, "या ओरडण्याने अरण्यात नाहक घबराट पसरते. वाघ आला, असे जो ओरडेल, त्याला पाणवठा बंद."

नुकतीच व्यालेली एक हरिणी उंबराखाली आली. "दादा, माझ्या पाडसाला अजून धड पळता येत नाही हो. आता आम्हांला कोण सांगणार?"

"आज्ञा आम्ही तंतोतंत पाळू, ताई. तू मात्र आमची बडबड ऐकत राहा. कंटाळा आला तरी ऐकत राहा."

दुसऱ्या दिवशी वानरांनी उजाडल्यापासून बडबड आरंभिली. उंबर पिकले, ऊन तापले, धाकट्याने कोणाची तरी शेपटी ओढली. विषयांना तोटा नव्हता.

"किती हो बोलता!" हरिणी वैतागली.

दुपारी वाघ गवतात शिरला आणि सारे वानर एकदम गप्प झाले. हरिणीने मान वर केली, पाडसाला ढुशी दिली आणि दोघे करवंदीच्या दाट जाळीत दिसेनासे झाले.

वाघ उंबराखाली येऊन गुरगुरला, "कोण बोलले?"

"कोणीच नाही, महाराज," वृद्ध वानर म्हणाला.

"मग गप्प का बसलात? बोला!"

"काय बोलू, महाराज? या क्षणी सांगण्याजोगी एकच गोष्ट आहे, आणि तिलाच आपली बंदी आहे."

वाघाने आज्ञा मागे घेतली नाही. परंतु त्या दिवसापासून अरण्यात शांतता पसरली की हरिणे चरणे थांबवू लागली.