आत-बाहेर एकमत

"म्हणजे भांडण मिटलं म्हणतोस?" मोकाशीबुवांनी विचारलं.

"कायमचं, बुवा," इंद्रजित म्हणाला.

बुवा मठामागच्या खोलीत राहत. जपजाप्य काही नाही. संगणकाच्या गाभाऱ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, संगणकाला जोडलेल्या पडद्यांची (मॉनिटरची) ओळख पटवणारा भाग त्यांच्या ताब्यात होता. त्यांच्या होकाराशिवाय तिथे एक ओळही शिरत नसे.

इंद्रजित नोकरी सोडून या कामामागे लागला होता. बुवा नाही म्हणाले, तर सगळी मेहनत पाण्यात. पोरगा हुशार होता, आणि ते कुणी दुसऱ्याने सांगायची वाट बघत नसे.

"प्रत्येक पडदा आपली ओळख सांगतो," तो म्हणाला. "कुणी बनवला, कधी, लांबी-रुंदी किती. आजवर ती ओळख कर्नल आपल्या परीने वाचायचा, बाहेरचे प्रोग्रॅम त्यांच्या परीने. एकाचं तोंड पूर्वेला, दुसऱ्याचं पश्चिमेला. आता वाचणारी लायब्ररी, म्हणजे वाचायचा कोड, एकच. आतही तीच, बाहेरही तीच."

"तुला ते भांडण नको होतं."

"कुणाला हवं असतं, बुवा?"

बुवा हसले नाहीत. त्यांनी कोपऱ्यातल्या संगणकाकडे बोट दाखवलं.

"विचार त्याला. पडदे किती?"

इंद्रजितने आपली लायब्ररी चढवली आणि विचारलं. दोन, कर्नलने सांगितलं. दोन, बाहेरच्या प्रोग्रॅमने सांगितलं.

"बघा, एकमत!" तो खुशीत म्हणाला. मग त्याने मान वर केली.

टेबलावर पडदा एकच होता.

दुसरी केबल संगणकामागून निघून समोरच्या भिंतीपर्यंत गेली होती. तिथे तिचं टोक जमिनीवर मोकळं पडलं होतं. इंद्रजितने संगणकाच्या बाजूनेही ती उपटून काढली.

पुन्हा विचारलं. दोन.

"जुनं उत्तर साठून राहिलं असेल..."

त्याने संगणक बंद करून चालू केला. दोन.

"मग ओळख चुकीची वाचली जातेय."

पण ओळखीच्या शेवटी पडताळणीची जी बेरीज असते, ती तंतोतंत जुळत होती; म्हणजे वाचण्यात चूक नव्हती. बनवणाऱ्याचं नाव कोरं. वर्ष यंदाचं. रुंदी हातभर, उंची माणसाएवढी.

"एवढा उभा पडदा कोण बनवतं?" इंद्रजितने विचारलं. त्याला भीती वाटत होती, आणि ती लपवता येत नव्हती.

बुवांनी त्याची लायब्ररी उतरवली आणि जुने दोन्ही कोड पुन्हा बसवले. पडदे किती?

कर्नल म्हणाला, दोन. बाहेरचा प्रोग्रॅम म्हणाला, एक.

"भांडले," बुवा म्हणाले.

"पण बुवा, यात खरं कोण ते कळतच नाही!"

"नाही कळत. म्हणून मी उठून बघायला जायचो."

...

इंद्रजित उठला. भिंतीपाशी गेला. साधी पांढरी भिंत, खिळासुद्धा नाही. त्याने तळवा टेकवला. भिंत कोमट होती.

त्याने हात मागे घेतला आणि भिंतीकडे पाठ करून बुवांकडे वळला.

"इथे काही नाहीये."

बुवांनी खुर्ची थोडी मागे सरकवली.

"माझ्या लायब्ररीत चूक नाही, बुवा. तुम्हीच तपासा. आत तेच, बाहेर तेच..."

त्याने संगणकाकडे बोट दाखवलं.

"घेणार ना तुम्ही ती?"

"घेतो की," बुवा म्हणाले. ते त्याच्या खांद्यावरून मागे बघत होते. "आधी जरा बाजूला हो. तू त्या दुसऱ्या पडद्यासमोर उभा आहेस."