गुळवेलीला आमंत्रण

रावसाहेब ढमढेऱ्यांनी गुळवेलीच्या गोळ्यांचा कारखाना काढला आणि ओढ्याकाठचे सगळे कडुनिंब वेलींसकट कुंपणात घेतले. आता तापाच्या काढ्याला गावाने वेल आणायची कुठून? गजराकाकू काही गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. एका सकाळी त्या कुंपणात शिरल्या आणि हातभर वेल कापताना पकडल्या गेल्या.

रावसाहेबांनी त्यांना ओसरीसमोर उभं केलं. सारा गाव जमला. शेजारी लोडाला टेकून लेकीचे नवे सासरे बसले होते, त्यामुळे रावसाहेबांचा आवाज जरा जास्तच चढला होता.

"कुणाला विचारून वेल तोडलीस?"

"वेलीलाच," काकू म्हणाल्या. "काल संध्याकाळी हळदकुंकू वाहिलं, अक्षता ठेवल्या आणि म्हटलं, बाई, उद्या आमच्याकडे यायचं. आमंत्रण दिल्याशिवाय औषधाला हात लावायचा नाही, ही आपली जुनी रीत."

रावसाहेब पोट धरधरून हसले. "अन् वेल 'येते' म्हणाली? तिचा होकार ऐकलेला एक साक्षीदार आण, कुंपण आजच काढतो. नाहीतर पुन्हा इकडे फिरकायचं नाही!"

"साक्षीदार कशाला? गेल्या महिन्यात लेकीच्या लग्नाची पहिली अक्षत तुम्ही गणपतीपुढे ठेवलीत. त्याचा होकार कुणी ऐकला होता? गणपती लग्नाला आलाच नव्हता, एवढं व्याह्यांसमोर म्हणा. मी वेल इथेच ठेवून जाते."

व्याही लोड सोडून ताठ बसले आणि रावसाहेबांच्या तोंडाकडे बघू लागले.

रावसाहेबांनी घसा खाकरला आणि गड्याला हाक मारली, "अरे, पहार आण. कुंपणाचे खांब उपटायचेत."