तांब्याची बोटे

एका राज्यात राजाने बोडक्या डोक्याने न्याय करायचा नाही, अशी रीत होती. रोज सकाळी चाळीस हात कापडाची, सात पेचांची पगडी ताजी बांधायची. ती एकाच घराण्याने बांधायची, आणि सातवा पेच त्या घराण्याबाहेर कोणाला ठाऊक नसायचा. त्या घराण्यात आता एकटा सुभानजी उरला होता. बेचाळीस वर्षे तो पगडी बांधत होता, एक दिवस खाडा नाही. बायको गेली त्या दिवशीसुद्धा त्याने आधी पगडी बांधली, मग स्मशानात गेला. थकलो म्हणायलाही बापड्याला सवड नव्हती.

एके सकाळी त्याने घरातली कापडांची पेटी उघडली, तर आत भटकी मांजर व्यालेली. मिटल्या डोळ्यांची तीन पिले राजाच्या केशरी कापडावर निजलेली. दरबाराची वेळ होत आली होती. सुभानजीने पिले उचलून पागेच्या भिंतीशी नेऊन ठेवली आणि मांजरीला मानेला धरून भिरकावले. जाता जाता ती त्याच्या उजव्या हाताला कडकडून चावली.

ती साधी मांजर नव्हती. शंभर वर्षांपूर्वी ती जादूगारीण होती. तिच्याहून बलवान जादूगाराने शाप देऊन तिला मांजर केले होते. कोणी आपणहून आपली जागा दिली तरच ती सुटणार होती. अजून कोणी दिली नव्हती, आणि हाकलणाऱ्याच्या हाताला तिचा दात लागला की तो हात तांब्याचा होई.

दुपारपर्यंत सुभानजीची करंगळी तांब्याची झाली. त्याने काय करावे? पट्टी घेतली आणि जखम सात पेच देऊन आवळली. घट्ट बांधले की सगळे जागेवर राहते, हीच त्याची जन्माची अक्कल. कोणाला सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी अनामिका गेली, तिसऱ्या दिवशी मधले बोट. हात ठणकेनासा झाला, तेव्हा त्याला वाटले, उतार पडतोय. आणि भर दरबारात राजा मेघवर्णाची पगडी कानावर घसरली.

“सुभानजी?” राजा म्हणाला.

“हात चुकला, महाराज.”

घरी येऊन तो ओट्यावर बसला. उरलेली दोन बोटे त्याने डोळ्यांपुढे धरली. तीही गेली की सातवा पेच जगातून गेला, आणि आपणही गेल्यातच जमा. त्याला रडायचे होते, पण रडण्याइतकेही त्राण नव्हते. तेवढ्यात कुंपणावरची साळुंकी बोलली.

“तीन कामे कर. पट्टी सोड आणि हात वाहत्या पाण्यात धर. पिलांना त्यांची जागा परत दे. आणि पिलांचे डोळे उघडेपर्यंत या हाताने काही करू नकोस.”

“पहिली दोन होतील,” सुभानजी म्हणाला. “तिसरे कसे जमावे?”

“कठीण तेच शेवटी सांगतात,” म्हणून साळुंकी उडून गेली.

त्याने पट्टी सोडली. आतून घाण वास आला. ओढ्याच्या धारेत हात धरून तो ऊन डोक्यावर येईतो बसला. मग पागेत गेला. मांजर पिलांना पोटाशी घेऊन पडली होती. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी तिची दशा.

“बाई, चुकलो,” तो म्हणाला. “पेटी तुझीच. कापडासकट.”

मांजर एकेक पिलू तोंडात धरून त्याच्या मागून चालू लागली.

सकाळी सुभानजी रिकाम्या हातांनी राजापुढे उभा राहिला. तांब्याची बोटे त्याने दाखवली.

“महाराज, मला रजा हवी. बेचाळीस वर्षांत मागितली नाही.”

दरबार कुजबुजला. राजाने त्या बोटांकडे पाहिले.

“तू बरा होईपर्यंत न्याय थांबेल,” तो म्हणाला. मग हळूच म्हणाला, “सुभानजी, तू फार घट्ट बांधतोस. बारा वर्षे माझे कपाळ दुखते आहे.”

“कधी बोलला नाहीत, महाराज?”

“तूही कुठे बोललास?”

सुभानजी घरी आला आणि पेटीशेजारी चटई टाकून आडवा झाला. पहिले दोन दिवस त्याची उरलेली दोन बोटे हवेतच पेच घालू पाहत. तो त्यांना उशीखाली दाबून ठेवी. पुढचे दोन दिवस तो नुसता झोपला. त्यानंतर जागेपणीही त्याला पडून राहता येऊ लागले. डाव्या हाताने तो मांजरीपुढे दूध ठेवी. दोघेही एकमेकांकडे पाहत, रागावण्याचा दोघांनाही कंटाळा आला होता.

नवव्या दिवशी शेवटच्या पिलाने डोळे उघडले. त्याच क्षणी सुभानजीच्या हातातून अशी कळ गेली की तो ओरडलाच. त्याने बोटे पाहिली. ती हाडामांसाची होती, आणि चावा चांगलाच ठणकत होता.

“दुखतंय!” तो म्हणाला, आणि बायको गेल्यापासून साचलेले सगळे रडला.

पेटीपाशी एक पांढऱ्या केसांची बाई उभी होती. “पिले मांजरेच राहतील,” ती म्हणाली, “त्यांना कोणाचा शाप नव्हता. सांभाळशील?”

“जागा दिलीच आहे,” सुभानजी म्हणाला.

जखम भरून आल्यावर त्याने पगडी बांधली, सातही पेच घातले, पण आत दोन बोटे मावतील इतकी सैल. राजाने मान हलवून पाहिली आणि न्यायाला बसला. त्या राज्यात तेव्हापासून दर नवव्या दिवशी राजा बोडक्या डोक्याने बागेत बसतो आणि सुभानजी पेटीशेजारी निजतो. त्याचा हात सुटला, तसे ज्याने त्याने आपले आवळलेले वेळेवर सोडावे.