नऊ वारांची अस्सल

वेळणगाव संस्थानातल्या दसऱ्याच्या घोडदौडीत गोजराबाई खलाटे सगळ्या स्वारांच्या पुढे आली. बक्षिसाची पांढरी घोडी मात्र दिवाण कृष्णाजीपंत तिला देईनात. भर मैदानात ते म्हणाले, “काष्टा घालून या बाईने पुरुषांची नक्कल केली. नकलेला बक्षीस नाही.”

गोजराबाईने हात जोडले. “दिवाणसाहेब, आपलं धोतर किती वारांचं?”

“पाच.”

“माझं लुगडं नऊ वारांचं. काष्टा दोघांचाही आहे. मग कापड कमी पडलंय ते अस्सलाचं, की नक्कल करणाऱ्याचं?”

दौड पाहायला बसलेल्या राणीसाहेबांनी पदराआड हसू लपवलं आणि घोडीचा लगाम गोजराबाईच्या हाती दिला.

“पंत,” त्या म्हणाल्या, “आणखी चार वार नेसून या, मग निवाडा करा.”