भरल्या वाटीवरची फुंकर

एका राज्यात, जिथे मांत्रिक भिक्षेला येत आणि पाखरं माणसांशी बोलत, वेणावती नावाची राणी होती. राजा दूरच्या मोहिमेवर होता. राणीला एकच लेक, कुंजिका, तीन वर्षांची. लेकीला वारा लागेल, ऊन लागेल, कुणाची दृष्ट लागेल, म्हणून राणी दिवसातून चार वेळा मीठमोहऱ्या ओवाळी. पाचव्यांदा ओवाळावं की नको, या विचारात तिची दुपार जाई.

एके दिवशी दारी मांत्रिक आला. खांद्यावर डोमकावळा, हातावर पोपट.

"लेकराला जवळ आण. आशीर्वाद देतो."

राणीने लेक पदराआड घेतली. "लांबूनच द्यावा, महाराज."

मांत्रिक हसला नाही, रागावलाही नाही. त्याने बोट फिरवलं, आणि पोरीचा श्वास पोपटाच्या कंठात गेला. पोर झोपली ती झोपलीच. पोपट श्वास घेई, तेव्हा तिची छाती हले.

"जपायची एवढी हौस, तर जप," मांत्रिक म्हणाला. "हा आपल्या पंखांनी उडून जाईल आणि आपल्या मनाने परत येईल, तेव्हा लेक जागी होईल. हा मेला, तर तीही गेली."

राणीने शेवटचं वाक्य तेवढं ऐकलं.

मग काय विचारता. पोपटाचं नाव पाचू ठेवलं. सोन्याचा पिंजरा घडवला, लेकीच्या पलंगाशी टांगला. उडून जाईल म्हणून चांदीच्या कात्रीने पंख छाटले. वारा लागेल म्हणून खिडक्या लावून घेतल्या. दृष्ट लागेल म्हणून अष्टौप्रहर धूप जाळला. पाण्याच्या वाटीत सात नद्यांचं तीर्थ भरलं. तीर्थ ओतून देत नाहीत, पायदळी येतं. म्हणून वाटी कधी रिकामी केली नाही, वरून भर घालत राहिले. दुसऱ्या वाटीत करडई, कमी दिसली की दासी वरून मूठभर घाली. ती वाटी भरलेली आहे ना, एवढं राणी दाराशी उभी राहून दिवसातून दहादा बघे. जवळ जायला ती भीत असे. आपल्याच हाताने काही चुकलं तर?

वर्ष गेलं. नगरातले चौघडे बंद होते. आणि एका सकाळी पाचू दांडीवरून उतरून पिंजऱ्याच्या तळाशी बसला. पिसं फुगवलेली, डोळे अर्धे मिटलेले. श्वासागणिक शेपटी खालीवर होत होती. पलंगावर कुंजिकेच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला.

वैद्य आले. सुवर्णभस्म म्हणाले, मोतीभस्म म्हणाले.

"काल तर बरा होता," राणी म्हणाली.

"काल बरा दिसत होता," बंद खिडकीपलीकडून घोगरा आवाज आला. "पाखरू दुखणं लपवतं, बाई. आजारी दिसलं की ससाणा पहिल्यांदा त्यालाच उचलतो. ते तळाशी बसलं म्हणजे लपवण्याचंही बळ सरलं."

तो डोमकावळा होता.

राणीने हात जोडले. "उपाय सांगा. सात समुद्रांपलीकडे जाईन."

"तिकडे कशाला? चार पावलं पिंजऱ्यापर्यंत जा. तीन कामं आहेत. दासीला लावशील तर फुकट जातील. पहिलं, करडईच्या वाटीत फुंकर घाल."

राणी वाकली, फुंकर घातली. वाटीतलं सारं उडून तिच्या केसांवर बसलं. नुसती टरफलं होती. खाली तीन दाणे होते. पाचू दाणा फोडून टरफल वाटीतच टाकत आला होता, आणि वाटी भरलेली दिसत आली होती.

राणीने वाटी पालथी करून झाडली. मग तिने ताजे दाणे घातले.

"दुसरं. पाणी ओत."

"तीर्थ आहे ते."

"होतं."

तिने वाटी उचलली. तळाला हिरवा बुळबुळीत थर होता. तिने ती राखेने घासली, विहिरीचं पाणी भरलं. मग पिंजऱ्याचा तळही स्वतः खरवडला.

"तिसरं. धूप विझव, खिडकी उघड, आणि कात्री विहिरीत टाक."

"मग तो उडून जाईल."

"मांत्रिकाने दोन वाक्यं सांगितली होती," डोमकावळा म्हणाला. "मी त्याच्या खांद्यावरच होतो. तू एकच ऐकलंस."

धूर सरला, तशी आठ दिवसांत लेकीच्या छातीतली शिट्टी थांबली. पाचू दांडीवर चढला. छाटलेली पिसं गळून नवी यायला सहा महिने लागले. ते सहा महिने राणी रोज सकाळी त्याची विष्ठा निरखी, पातळ की घट्ट, हिरवी की पिवळी. राजाच्या खलित्यांना मात्र तिने उत्तर पाठवलं नाही.

मग एका सकाळी तिने पिंजऱ्याचं दार उघडलं. पाचू उंबऱ्यावर बसला, मान वाकडी करून राणीकडे पाहिलं, आणि गेला.

तो दूर गेला, तसा लेकीचा श्वास बारीक झाला. दुपारी तिच्या नाकाशी धरलेलं पीस हलेना.

"बाईसाहेब," राही दाई रडत म्हणाली, "फासेपारध्यांना पाठवा. जाळं टाकून आणतील."

"आणतील," राणी म्हणाली. "पण ते येणं त्याचं नसेल."

ती खिडकीत हात पसरून उभी राहिली. ऊन हातावरून उतरलं. हात आधी दुखला, मग दुखायचाही थांबला. दाईने लेकीसाठी पांढरं वस्त्र काढून ठेवलं. राणीने ते पाहिलं आणि मान वळवली.

दिवस कलता पाचू आला. चोचीत कडुनिंबाची काडी होती. राणीच्या हातावर बसला, नखं घट्ट रोवली. मग पलंगावर उतरून त्याने काडी टाकली आणि चोच उघडली. श्वास ज्याचा त्याला मिळाला.

कुंजिकेने डोळे उघडले. "आई, तुझ्या हाताला रक्त आलंय."

चौघडा वाजला. राजाला स्वार धाडले. पाचू त्या दिवसापासून साधा पोपट झाला. राणीला ओळखतो की नाही, कळत नाही. दिवसभर बाहेर असतो, बहुतेक संध्याकाळी येतो.

शाप असा फिटला. राणीची भीती तेवढी फिटली नाही. अजूनही वाटी रिकामी दिसली, तर ती मुकाट्याने भरते. भरलेली दिसली, की जवळ जाते, वाकते आणि फुंकर घालते.