चिमकी चिचुंद्री आणि बोथट पटाशी

एक होती चिचुंद्री. तिचं नाव चिमकी. नाक लांब, डोळे बारके. लांबचं काही दिसायचं नाही. पण जवळचं? मुंगीची मिशीसुद्धा दिसायची!

चिमकीला झाला भाऊ. आज संध्याकाळी बाळाचं बारसं. बाळाचं झबलं होतं पांढरं. पांढरंफटक! त्यावर काही म्हणजे काही नाही.

चिमकी म्हणाली, "मी लाकडाचा ठसा कोरीन. झबल्यावर मासा छापीन."

गेली सुताराच्या पडवीत. तुरुतुरु, तुरुतुरु! सुतार गेला होता बाजाराला. हत्यारांची पेटी उघडीच होती. पेटीत लाकूड कोरायची एक मोठी पटाशी, एक बारकी पटाशी. मोठी चकचकीत, बारकी गंजकी.

चिमकीने कुठली घेतली? मोठी! चकचकीत दिसलं की भुलायचं, दुसरं काय!

दोन्ही हातांनी उचलली. लाकडावर टेकवली. ढकलली. करकर, करकर, सर्रर्र... कट्!

माशाची शेपटी तुटली. उडाली आणि भुशात हरवली.

चिमकी रडली मुळूमुळू. मग तिने लाकूड उलटं केलं. मागची बाजू अजून कोरी होती. पण ती एकच! आता चुकून चालणार नव्हतं.

मोठी पटाशी ठेवली पेटीत. बारकी घेतली. हातात बरोब्बर मावली.

"पटाशीबाई, पटाशीबाई, मला मासा कापून द्या!"

पटाशी म्हणाली, "फुस्स! एवढीशी चिचुंद्री, आणि म्हणे ठसा कोरणार! मला नाही धार. जा दगडाकडे."

चिमकीने पटाशी काखोटीला मारली. गेली दगडाकडे. तुरुतुरु, तुरुतुरु!

"दगडोबा, दगडोबा! पटाशी कापेना, माझा मासा होईना!"

धार लावायचा दगड तो. जागचा हलत नाही, पण तोरा केवढा!

"फुस्स! एवढीशी चिचुंद्री, आणि म्हणे ठसा कोरणार! कोरडा मी नाही घासत. जा माठाकडे, पाणी आण."

चिमकी गेली माठाकडे. तुरुतुरु, तुरुतुरु!

"माठोबा, माठोबा! दगड घासेना, पटाशी कापेना, माझा मासा होईना!"

माठाचं पोट हे एवढं. आणि मन? वाटीएवढंसुद्धा नाही!

"फुस्स! एवढीशी चिचुंद्री, आणि म्हणे ठसा कोरणार! झाकणावर बोका झोपलाय. मी नाही उघडत. जा बोक्याकडे."

चिमकी चढली झाकणावर. तुरुतुरु, तुरुतुरु!

"बोकोबा, बोकोबा! माठ उघडेना, दगड घासेना, पटाशी कापेना, माझा मासा होईना!"

बोका कसला, नुसता लोड! त्याने एकच डोळा उघडला. तोही अर्धा.

"फुस्स! एवढीशी चिचुंद्री, आणि म्हणे ठसा कोरणार! दुधाशिवाय मी नाही उठत. जा गाईकडे."

चिमकी गेली गाईकडे. तुरुतुरु, तुरुतुरु!

"गाईबाई, गाईबाई! बोका उठेना, माठ उघडेना, दगड घासेना, पटाशी कापेना, माझा मासा होईना!"

गाईच्या तोंडात काही नव्हतं. तरी रवंथ आपला चालूच!

"फुस्स! एवढीशी चिचुंद्री, आणि म्हणे ठसा कोरणार! आधी गवत, मग दूध. जा विळ्याकडे."

चिमकी गेली विळ्याकडे. तुरुतुरु, तुरुतुरु!

"विळोबा, विळोबा! गाय दूध देईना, बोका उठेना, माठ उघडेना, दगड घासेना, पटाशी कापेना, माझा मासा होईना!"

विळा खुंटीवर लटकून लटकून गंजला होता. पण नाक वर!

"फुस्स! एवढीशी चिचुंद्री, आणि म्हणे ठसा कोरणार! मला नाही धार. जा दगडाकडे."

अरे देवा! चिमकी पुन्हा गेली दगडाकडे. तुरु... तुरु... पाय दुखले बिचारीचे.

"दगडोबा, दगडोबा! विळा चालेना, गाय दूध देईना, बोका उठेना, माठ उघडेना, दगड घासेना, पटाशी कापेना, माझा मासा होईना!"

"दगड म्हणजे मीच की!" दगड हसला, "खी खी खी! पाण्याशिवाय मी नाही घासत. जा माठाकडे."

चिमकी थांबली. पुन्हा माठ? पुन्हा बोका? पुन्हा गाय? पुन्हा विळा? आणि पुन्हा हाच दगड? नुसतं फिरायचं गरागरा!

तिकडे ऊन उतरलं. पाळणा सजला. आणि मासा? नाहीच!

चिमकीला आला राग. शेपटीपासून नाकापर्यंत राग!

"सगळे मोठे मोठे! कामाचा एकही नाही! थू!"

थुंकी पडली दगडावर. टप्प!

दगड दचकला. "अरेच्चा! मी ओला झालो!"

"ओला ना? मग घासा!" चिमकी म्हणाली.

आता दगडाला घासणं भाग!

एवढ्याशा थुंकीत मोठी पटाशी? छे! विळा? छे छे! पण बारकी पटाशी बरोब्बर भिजली. तिरकी धरली, घस घस घस. पालथी केली, हळूच घस. पुन्हा थू! पुन्हा घस घस घस.

मग चिमकीने आपल्याच मिशीला टेकवली. टुक्! मिशीचं टोक तुटलं.

"आली, आली, धार आली!"

सुळुक सुळुक, सुळुक सुळुक! भोवतीचं लाकूड निघालं. मासा वर राहिला. शेपटीसकट!

पण रंग? सुताराच्या पेटीत गेरूची तांबडी पूड होती. ती कालवायला पाणी हवं. आणि थुंकून थुंकून चिमकीचं तोंड पडलं कोरडं!

मग चिमकीने पटाशीने गवत कापलं. कच कच कच! गाईने गवत खाल्लं, दूध दिलं. दूध दिसलं, बोका उठला. बोका उठला, माठ उघडला. माठाने पाणी दिलं, गेरू कालवला. गेरू कालवला, ठशाला लावला. आणि झबल्यावर... ठप्प!

मासा!

विळा खुंटीवरून म्हणाला, "ए चिमके, मलाही लाव की धार!"

"फुस्स!" चिमकी म्हणाली. "एवढा मोठा विळा, आणि म्हणे धार हवी! जा दगडाकडे."

विळा कसला जातो! अजून तिथेच लटकतोय.

बारशाला मात्र सगळे आपापल्या जागेवरूनच मिरवत होते. बोका म्हणाला, "मी उठलो म्हणून मासा झाला." माठ म्हणाला, "मी उघडलो म्हणून." गाय म्हणाली, "माझ्या दुधामुळे." दगड तर म्हणाला, "सगळं मीच केलं!"

चिमकीने कुणाकडे पाहिलंच नाही. तिला लांबचं दिसत नाही ना!

तिला दिसलं जवळचं बाळ. बाळाने झबलं धरलं मुठीत. घातलं तोंडात. लाळ गळली, थब् थब् थब्! मासा भिजला, गेरू पसरला, आणि माशाची शेपटी हलली!

मासा गेला पाण्यात, गोष्ट गेली कानात!